मामाच्या खळ्यातला मणका (आणि रात्री दीड वाजताची माकुलं)

घाटावरचा
मंडळी, धाग्याचं कारण आधी सांगतो. माझं आजोळ देवगडच्या बाजूला. मामाच्या खळ्यात, तुळशीच्या पलीकडे, एक राखाडी ठोकळा पडलेला असायचा. पाटापेक्षा थोडा उंच, वरून गोल, दोन्ही अंगांना तुटक्या पंखांसारखे खुंट. आजोबा त्याच्यावर बसून दाढी करायचे. पाचवीत जाईपर्यंत मी त्याला दगडच समजत होतो. मग एका मे महिन्यात त्यावर टाच घासली तेव्हा कळलं, हा वजरीसारखा भोकाभोकांचा आहे आणि दगडाच्या मानाने फारच हलका. आजोबा म्हणाले, "देवमाशाचो मणको तो. एक मणको." त्यांनी 'एक'वर दिलेला जोर अजून कानात आहे.

कोल्हापुरात परत येऊन शाळेत सांगितलं तर कोण विश्वास ठेवतंय? मग मी दर सांगण्यात मणका थोडा वाढवत गेलो. सातवीपर्यंत तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढा झाला होता.

आता वय ४४, धंदा गुळाचा, आणि रात्री दीडला मी खोल समुद्रातल्या माकुलांचे (म्हणजे स्क्विडचे) व्हिडिओ बघत बसलेला असतो. बायको म्हणते, त्यापेक्षा उद्याचा सौदा बघा. तर प्रश्न असा: आपण घाटावरची माणसं. रंकाळा हाच आपला समुद्र. मग ह्या अजस्र प्राण्यांचं वेड आपल्याला कुठून लागतं? खरे, खोटे, पुराणातले, सगळे चालतील.

तिकटीवरचा
भावा, रंकाळ्याला नावं ठेवायचं काम नाही. आमच्या आज्जीच्या म्हणण्याप्रमाणं रंकाळ्यात सोन्याची नथ घातलेला मासा हाय. परताळ्याच्या बाजूला पुनवेला वर येतो म्हणायची. आम्ही चौघं पोरं एकदा रात्री ११ पर्यंत बसलो. मासा आला नाही, चौघांचे बाप आले. त्यानंतरचं सांगत नाही.

आणि त्या नंदीचं इसरला काय? रोज गव्हाएवढा पुढं, तांदळाएवढा मागं. रंकाळ्याला टेकला की परलय. एवढं सगळं असताना तुला समुद्र कशाला पायजे?

निम्माशिम्मा
धागा आवडला. एक सवयीची दुरुस्ती: देवमासा हा मासा नाही, सस्तन प्राणी. (हे कुणीतरी म्हणणारच होतं, म्हणून मीच म्हणून टाकलं.)

आकाराचं म्हणाल तर निळ्या देवमाशाएवढं मोठं जनावर पृथ्वीवर दुसरं झाल्याचा भक्कम पुरावा नाही, डायनासोर धरूनसुद्धा. लांबी ३० मीटरपर्यंत, वजन दीडशे टनांच्या वर जातं. पण आकडा ऐकून काही वाटत नाही, तेव्हा कोल्हापुरी हिशेबात सांगतो. २०१४ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर लागलेल्या एका मेलेल्या मादीचं हृदय शास्त्रज्ञांनी काढून जतन केलं. वजन साधारण १८० किलो. म्हणजे तालमीतले ९०-९० किलोचे दोन पैलवान गळ्यात गळा घालून उभे केले की एक हृदय झालं.

त्याच्या रक्तवाहिनीतून माणूस पोहत जाईल, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. ते खोटं. मुख्य धमनी साधारण वीतभर रुंद, डोकं जेमतेम आत जाईल. पण खरी गंमत पुढे आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रात एका जिवंत निळ्या देवमाशाच्या ठोक्यांची नोंद प्रसिद्ध झाली. खोल बुडी मारल्यावर मिनिटाला दोन ठोके. वर श्वास घ्यायला आला की तीसच्या पुढे. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात माझा अख्खा प्रतिसाद वाचून होईल.

तिकटीवरचा
दोन पैलवानांचं हृदय आणि मिनिटाला दोन ठोके. खुराक काय असतो म्हणायचा?

निम्माशिम्मा
क्रिल. करंगळीपेक्षा लहान, कोलंबीच्या जातीतले जीव. रोजचे कित्येक टन. मोठा घास त्याला गिळताच येत नाही, घसा तेवढा रुंद नसतो.

गमभनबाई
निम्माशिम्मा, तुमच्या ह्या जनावराची जेवायची पद्धत आपल्याकडे फार पूर्वी नोंदलेली आहे. कालिदासाच्या रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पकातून सीतेला समुद्र दाखवतो. तो म्हणतो, हे तिमि बघ. तोंड उघडून नदीच्या मुखाचं पाणी त्यातल्या जिवांसकट आत घेतात, तोंड मिटतात आणि डोक्याला असलेल्या छिद्रांतून पाण्याचे झोत वर उडवतात. शिकवताना मी ह्या श्लोकावर दरवर्षी थांबते. वरचा झोत पाण्याचा नसतो, उच्छ्वासाच्या वाफेचा असतो, एवढी चूक सोडा. पण पाण्यासकट जीव आत घ्यायचे आणि तोंड मिटायचं, हे निरीक्षण घरबसल्या सुचलेलं नाही. कुणीतरी नावेतून बघितलंय, कुणाला तरी सांगितलंय, आणि ते कवीपर्यंत पोचलंय.

पुराणांतला पुढचा मामला मात्र निव्वळ चढाओढीचा. तिमीला गिळतो तो तिमिंगिल. तिमिंगिलाला गिळतो तो तिमिंगिलगिल. व्याकरणाने परवानगी दिली म्हणून प्राणी वाढत गेला.

तिकटीवरचा
ठेकेदार, नगरसेवक, आमदार.

गमभनबाई
वर्गात हेच उदाहरण मागच्या बाकावरून आलं होतं. तुम्हीच होता का?

देवगडकरीण
घाटावरचा, तुमच्या आजोळच्या बाजूचीच मी, लग्न होऊन १८ वर्षं राजारामपुरीत. आमच्याकडे मोठ्या माशाबद्दल कोणी फार बोलत नाही, तुम्ही घाटावरचेच जास्त बोलता. माझा आजा मच्छीमार. त्याला व्हेल शार्क दोनदा दिसला. आमच्या भाषेत शार्क म्हणजे मुशी, पण ह्या मुशीला त्याने कधी राक्षस म्हटलं नाही. त्याचं वर्णन एवढंच: "होडयेपेक्षा लांब. पाठीर पांढरे टिके. गरीब असा तो, फक्त जाळा फाडता." संपलं. आम्ही पोरं मागे लागायचो की आजा, अजून सांग. तो म्हणायचा, अजून काय सांगू, जाळं शिवायला चार दिवस गेले ते सांगू?

व्हेल शार्क हा मात्र खराखुरा मासा, आणि माशांत सगळ्यांत मोठा. अरबी समुद्रात १८ मीटरच्या वर मोजलेला आहे. गुजरातेत सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी त्याची बेसुमार शिकार व्हायची, २००१ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळालं. आपल्याकडेही आता जाळं कापून असा संरक्षित प्राणी सोडला तर मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई मिळायची योजना आहे. आज्याच्या वेळी नव्हती. त्याने तशीच सोडली होती.

घाटावरचा
ताई, तुमच्या आज्याने माझ्या धाग्याची हवाच काढली. पण मुद्दा पटला. समुद्रापासून जितकं लांब, तितका मासा मोठा.

निम्माशिम्मा
ह्याला जोड देतो. क्रॅकेन हे नॉर्वेचं प्रसिद्ध सागरी भूत. बर्गनचा बिशप पोंटोपिडान याने १७५०च्या सुमारास त्याच्यावर सविस्तर लिहिलं. पाठ बेटासारखी, घेर दीड मैल वगैरे. पण त्याच वर्णनात मच्छीमारांचं म्हणणं काय आलंय बघा: क्रॅकेन खाली असला की वर मासळी दाट असते, म्हणून तिथेच जाऊन जाळी टाकायची, आणि पाणी उथळ व्हायला लागलं की वल्ही मारत निघायचं. बिशपला बेट दिसलं, मच्छीमाराला मासळीचा पट्टा. ताईंचा आजा तिथे असता तर तोही हेच म्हणाला असता.

आणि क्रॅकेनच्या मुळाशी जी महाकाय माकुल असावी असं मानतात, तिची शास्त्रीय ओळख कशी पटली? १८५३ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक लागली. लोकांनी गळाला लावायला तुकडे करून नेली. उरली ती चोच. माकुलाला पोपटासारखी चोच असते. त्या चोचीवरून स्टीनस्ट्रुप नावाच्या शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये तिला नाव दिलं. समुद्रात जिवंत असताना तिचा फोटो निघायला २००४ साल उजाडलं, जपानच्या ओगासावारा बेटांजवळ. दीडशे वर्षं ती चोच, तुकडे आणि मेलेली धुडं एवढ्यावरच होती.

हिची भावंड म्हणावी अशी दुसरी, अंटार्क्टिकाकडची, लांबीला कमी पण अंगाने भारी. तिची तऱ्हा आणखी न्यारी: १९२५ मध्ये स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या पोटात सापडलेल्या हातांवरून तिला नाव मिळालं. २००७ मध्ये न्यूझीलंडच्या एका बोटीला ४९५ किलोची सापडली. आणि खोल पाण्यात जिवंत फिरताना तिचं चित्रीकरण झालं कधी, तर मार्च २०२५. नाव ठेवल्यावर बरोबर १०० वर्षांनी. तेही पिल्लू, जेमतेम फूटभर, काचेसारखं पारदर्शक.

तिकटीवरचा
सुक्कं होतंय का तिचं?

निम्माशिम्मा
डेन्मार्कवाल्या महाकाय जातीच्या मांसात अमोनियाचे क्षार असतात. त्यामुळे ती पाण्यात तरंगून राहते, आणि त्यामुळेच मुतारीसारखा वास मारते. तांबड्या रश्श्यातसुद्धा लपणार नाही.

घाटावरचा
बघा, मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. अख्खं जनावर आपण कधी बघतच नाही. चोच, हात, दात, मणका. बाकीचं मनात बांधतो. मेगालोडॉन ह्या पुरातन महाकाय शार्कचं तेच. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो, मागे राहतात दात आणि थोडे मणके. ३६ लाख वर्षांपूर्वी संपलेला प्राणी, पण तळहाताएवढा दात हातात आला की माणूस आख्खी शार्क त्याच्या मागे उभी करतो. आणि ती मेलीय हे मान्य करायला तयार होत नाही. २०१३ मध्ये परदेशी वाहिनीवर 'मेगालोडॉन जिवंत आहे' असा कार्यक्रम लागला होता, त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे चक्क नट होते. मी तो दोनदा बघितलाय. नट आहेत हे कळल्यावर तिसऱ्यांदा.

संध्यामठ
उशिरा येतोय, पण घाटावरचा, 'रंकाळा हाच आपला समुद्र' हे वाक्य मागे घ्या. समुद्राचा देव कोल्हापुरात आहे, आणि तुमच्या गुळाच्या पेढीपासून रिक्षाने १० मिनिटांवर.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे ना, तिथे १९४०च्या दशकात सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथल्या ब्राँझच्या साठ्यात रोमन बनावटीच्या वस्तू आहेत, आणि त्यातली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे पोसायडनची मूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाची ती शान. वीतभरसुद्धा उंची नाही. दाढी, उघडं पीळदार अंग, एक हात वर उचललेला, त्या हातातलं आयुध मात्र गेलेलं. माझ्या मुलीने लहानपणी विचारलं होतं, हा रिक्षा थांबवतोय का?

आता धाग्याशी संबंध. त्याच साठ्यात एक गोल ब्राँझ चकती आहे, तिच्यावर पर्सियस आणि अँड्रोमेडा. कथा अशी: राणीने आपलं घराणं समुद्रकन्यांपेक्षा सुंदर असल्याची बढाई मारली, पोसायडन चिडला, त्याने समुद्रातून एक अजस्र जनावर सोडलं, राजकन्येला खडकाला बांधून त्याच्यापुढे ठेवलं, आणि पर्सियसने तिला सोडवलं. त्या जनावराला ग्रीक भाषेत 'केटोस' म्हणतात. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या गणाला आज शास्त्रात 'सीटॅशिया' म्हणतात, ते नाव ह्याच शब्दावरून आलं.

म्हणजे कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी हा माल गलबतातून उतरवला, बैलाच्या पाठीवर घालून घाट चढवला आणि पंचगंगेकाठी आणून ठेवला. माल चढला, देव चढला, जनावराची गोष्टही चढली. आपलं वेड आजचं नाही.

गमभनबाई
दंडवत. ३० वर्षं कोल्हापुरात राहून मी ती चकती बघितलेली नाही. मूर्ती बघितली आहे, सहलीच्या पोरांना रांगेत उभं करण्याच्या गडबडीत.

मध्यरात्र
घाट चढून येणाऱ्या मालावरून आठवलं. आपल्या भागातल्या पेपरात अधूनमधून ती ठरलेली बातमी असते ना, "व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त". कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग, आलटून पालटून. कोकणातून आणायची, इकडे गिऱ्हाईक शोधायचं, आणि गिऱ्हाईक म्हणून पोलीसच भेटायचे. अंबर म्हणतात तिला, अत्तराच्या धंद्यात वास धरून ठेवायला वापर. आपल्या देशात तिचा व्यापार बेकायदा आहे.

आता गंमत. ती उलटी नसावीच. स्पर्म व्हेल माकुलं खातो, पण त्यांच्या चोची पचत नाहीत. आतड्यात त्या चोचींच्या भोवती हा मेणासारखा पदार्थ साठतो आणि बहुधा मागच्या वाटेने बाहेर पडतो. म्हणजे निम्माशिम्मांची ती चोच फिरून फिरून आपल्या एस.टी. स्टँडवर सापळा लावून पकडली जाते. पेपरवाले 'उलटी' लिहितात ते सभ्यपणा म्हणून असेल.

निम्माशिम्मा
हाहा. स्पर्म व्हेल आणि महाकाय माकुल ह्या जोडीतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे डोळा. माकुलाचा डोळा २७ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जेवायचं ताट. एवढा कशाला? तिथे तर अंधार. २०१२ मध्ये आलेलं उत्तर असं: देवमासा अंधारातून येताना वाटेतले बारीक चमकणारे जीव ढवळले जातात, त्याच्याभोवती अंधुक उजेडाची आकृती तयार होते, ती शंभराहून जास्त मीटरवरून दिसावी म्हणून हा डोळा. ताई, तुमच्याकडे थंडीत रात्री लाटा निळ्या चमकतात ना? तशाच जातीचा उजेड.

देवगडकरीण
हो. वाळूत पाय टाकला की पायाभोवती ठिणग्या उठतात. त्या माकुलाला देवमासा तसा दिसत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सुट्टीवर
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. अख्खं जनावर कधी दिसत नाही असं घाटावरचा म्हणाले. मी बघितलंय.

२०२३ची दिवाळी. कोल्हापूरची निम्मी मंडळी त्या आठवड्यात गणपतीपुळ्याला असते, आम्हीही होतो. किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू लागलंय कळलं. मी मुलाला खांद्यावर घेऊन पळालो, फोन हातात, कॅमेरा चालू. 'राक्षस बघायला चल' असंच म्हणालो होतो त्याला.

जवळ गेल्यावर फोन खिशात ठेवला. कातडी ओल्या रबरासारखी, उन्हाने एका बाजूला सुरकुतायला लागलेली. माणसं बादल्यांनी पाणी मारत होती, ओली कापडं टाकत होती, आणि एक म्हातारे सारखे ओरडत होते की डोक्यावरच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका, तो नाक आहे त्याचा. मधेच ते भोक उघडायचं आणि फुस्स करून श्वास सुटायचा, कोमट, मासळीच्या वासाचा. मग पुढचा श्वास येईपर्यंत सगळी माणसं गप्प. डोळा खाली, जबड्याच्या कोपऱ्याजवळ. एवढ्या धुडाला एवढासा डोळा. त्यात वाळू गेली होती.

जमिनीवर आलं की त्यांचं स्वतःचंच वजन त्यांच्या फुप्फुसांवर बसतं, हे मला नंतर कळलं. पाण्यात ते वजन नसतं. दोन दिवस खटपट करून लोकांनी त्याला खोल पाण्यात नेलं. टाळ्या वाजल्या. मग ते मेल्याची बातमी आली.

मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. कोल्हापूरला येईपर्यंत गाडीत त्याचा एकच प्रश्न, त्याची आई कुठे होती?

त्या दिवसापासून मी ते राक्षसांचे व्हिडिओ बघत नाही. तुम्ही बघा, माझी ना नाही.

तिकटीवरचा
काय बोलू. दादा, लिहिलंसा ते बरं केलंसा.

देवगडकरीण
असं पिल्लू लागलं की आमच्याकडे म्हातारी माणसं नारळ देतात. मेलं तर पुरतात, वर हळदकुंकू. लहानपणी मला वाटायचं माशाला कशाला हे सगळं.

२०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समोर समुद्रात निळा देवमासा आणि त्याचं पिल्लू अभ्यासकांना दिसलं होतं. जिवंत, पोहत. ते पण लक्षात ठेवा.

मध्यरात्र
धागाकर्त्याला एक रुक्ष सूचना. देवमासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. त्याचं हाड घरात असेल तर कागदपत्रं लागतात. मामांना वनखात्यात विचारायला सांगा, आणि इथे फोटो टाकू नका.

घाटावरचा
फोटो टाकणार नाही. आज मामाला फोन केला होता. त्याच्या म्हणण्यानुसार मणका त्याच्या आज्याच्या वेळचा, वादळानंतर किनाऱ्यावर लागलेला. कागद कुठले असणार? सोमवारी वनखात्यात जातो म्हणाला, नेला तर नेऊ देत, तसाही मामीला खळं सारवताना आडवा येतो.

मग त्याला टेप लावून मोजायला सांगितलं. वरचा गोल १४ इंच. मी सातवीत सांगितलेलं ट्रॅक्टरचं चाक १४ इंचांवर आलं. पण मामा म्हणाला, हा शेपटीकडचा आहे, पाठीचे याहून मोठे होते. ते कुठे गेले विचारलं तर म्हणाला, गावात वाटले. एक शिंप्याकडे होता, तो त्याच्यावर बसून शिवायचा.

संध्यामठ, ती चकती बघायची आहे. रविवारी टाउन हॉलला कोण कोण येतंय?

गमभनबाई
मी. ह्या वेळी पोरांशिवाय.

सुट्टीवर
मुलाला घेऊन येतो.

तिकटीवरचा
११ वाजता दारात. आधी मिसळ, मग देव. उलटं केलं तर मिसळ संपलेली असते.